भिंतीवरचं पाऊल

१

"डॉक्टर, आमच्या घरात एक माणूस घुसलाय आणि तो स्वतःला माझा भाऊ म्हणवतोय. काल आईने त्याला हात लावला, तेव्हापासून ती पडूनच आहे. लगेच या."

फोनवर बुटांच्या दुकानातली ताई होती. सकाळपासून लोकांचे खोकले ऐकून माझे कान किटले होते, गुडघे कुरकुरत होते आणि मला फक्त पाय वर घेऊन बसायचं होतं. पण जिने शिवलेले बूट घालून मी रोज उभी राहते, तिला नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? बॅग उचलली आणि निघाले.

पुढे दुकान आणि मागे घर. दुकानाच्या भिंतीवर कलबूत टांगलेले असतात, म्हणजे पायाचे लाकडी साचे. गिऱ्हाईक आलं की त्याला कागदावर उभं करायचं, पावलाभोवती पेन्सिल फिरवायची आणि त्या आकृतीवरून लाकडाचं पाऊल कोरायचं. माझंही एक तिथे आहे, फुगीर आणि चपटं, बघवत नाही. घरच्यांची पावलं मात्र वेगळ्या ओळीत, आतल्या दाराच्या वर. मूल मोठं झालं, पाय भरला, की त्याचं पाऊल एकदाच कोरायचं आणि तिथे टांगायचं. मग पुन्हा हात लावायचा नाही. मोठ्या माणसाचा पाय काय वाढतो थोडाच, असं ताईचे वडील म्हणायचे. ते गेले, पण त्यांचं पाऊल अजून तिथेच आहे.

आज त्या ओळीतला एक खिळा रिकामा होता.

आत आई कॉटवर पडली होती. रक्तदाब चढला होता, बाकी काही नाही. तिच्या डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, म्हणून ती माणसं हाताने बघते. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

"तो नाही गं. मी त्याचा चेहरा चाचपला. नाक केवढं, हनुवटी केवढी! माझा लेक चिमणीएवढ्या हाडापेराचा, म्हणून तर चिमण्या म्हणायचे सगळे. आणि याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. जीभ जड, शब्द चावून बोलतो." तिने मला आणखी जवळ ओढलं. "माझ्या चिमण्याचं काहीतरी बरंवाईट करून हा त्याच्या जागी आलाय."

२

ताई दुकानात बसून एका टाचेत आरी खुपसत होती. ती रागावली की काम करते. काम करता करता रडते, पण ते कुणी बोलून दाखवायचं नसतं.

"भाऊ गेला कशावरून?" मी विचारलं.

"कारखान्याच्या बुटांवरून. तो म्हणाला, आपणही तयार माल ठेवू. बाबांनी कानाखाली वाजवली. त्याच संध्याकाळी घर सोडलं त्याने. बोटीवर नोकरी लागली एवढं एकदा कुणाकडून तरी कळलं. नंतर काही नाही. बाबा गेले तेव्हाही नाही. बारा-तेरा वर्षांनी काल हा दारात उभा."

"आणि त्याला घरातलं काही ठाऊक नाही?"

"सगळं ठाऊक आहे, तीच तर भीती आहे!" आरी थांबली. "बाबांच्या शिव्या एकामागून एक म्हणून दाखवतो. मी नापास झाले तेव्हा निकाल कुठे लपवला होता तेसुद्धा सांगतो. ते फक्त चिमण्याला माहीत होतं. म्हणजे चिमण्यानेच याला सांगितलं. कधी सांगितलं? कुठे? आणि मग तो स्वतः का नाही आला?"

तिच्या प्रश्नात दम होता.

"म्हणून मी पाऊल उतरवलं." तिने शेजारचा कलबूत माझ्या हातात ठेवला. "याच्या पायाशी लावून बघितलं. याचा पाय अंगठाभर जास्त लांब, दोन बोटं जास्त रुंद. चेहऱ्याचं एक सोडून द्या, माणूस सुटतो, सुकतो. पाय नाही बदलत, डॉक्टर. माझ्या हातून किती पाय गेलेत!"

"रक्त तपासून घे की. नातं आहे का नाही ते कळतं."

"वकीलही तेच म्हणाले. पण हा कानावर हात ठेवतो! खरा असता तर नाही म्हणाला असता? संध्याकाळच्या गाडीने जातो म्हणाला. खुशाल जावं. पण माझा भाऊ कुठे आहे ते सांगून जावं."

मी तो कलबूत उलटासुलटा करून पाहिला. खरं सांगायचं तर माझ्या मनात पाल चुकचुकली. दुकान चालवते ताई. भाऊ परत आला तर दुकानाचे वाटेकरी दोन. लाकूड तासायची हत्यारं हिच्याच हाताशी, आणि हे पाऊल भिंतीवरून उतरवताना दुसरं कुणी पाहिलेलं नव्हतं. अंगठाभर लाकूड तासून टाकायला असा कितीसा वेळ लागतो?

३

ताईचा नवरा मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होता. सालस माणूस. घरात याचं कुणी ऐकत नाही, म्हणून तो बाहेर भरपूर बोलतो.

"माझ्यावरच संशय आहे हो तिचा," तो म्हणाला. "म्हणते, घरातल्या भानगडी गावभर सांगत फिरता तुम्ही, तुमच्याकडूनच शिकून आला असेल कुणीतरी. आता मला तो निकाल कुठे लपवला ते कुठे माहीत होतं? लग्नाआधीच्या गोष्टी मला कोण सांगतंय?"

"तुम्हाला काय वाटतं?"

त्याने ओला सदरा झटकला. "तुम्हीच बघा, डॉक्टर. मेव्हण्याचा जुना कोट कपाटात होता. मी म्हटलं, घालून तर बघा. उंचीला बरोबर, बाही मनगटावर जिथल्या तिथे. फक्त छातीवर बटण लागेना. मी हिला म्हटलं, कोट बसला. ही म्हणते, कोट कुणालाही बसतो."

"आणखी काही?"

"घोरणं! भिंती हलतात. मध्येच श्वास थांबतो, मला वाटतं, गेला. मग परत इंजिन सुरू. आणि घाम किती येतो त्यांना! हे सदरे त्यांचेच. पंख्याखाली नुसते बसले तरी पिळून काढावे लागतात." मग त्याने आवाज खाली आणला. "पण एक गोष्ट मलाही खटकते. आतल्या दाराच्या चौकटीवर दोनदा खांदा आपटला त्यांनी. एकदा उजवा, एकदा डावा. जन्म ज्या घरात गेला, त्या घराची चौकट विसरतं का कुणी?"

मी ओल्या सदऱ्यांच्या रांगेकडे बघत उभी राहिले. दमलेल्या डोक्यात काहीतरी हललं, पण हाती लागेना.

४

पाहुणा माडीवरच्या खोलीत पिशवी भरून बसला होता. मी आत गेले तशी त्याने मान वळवली, डोळे नाही, आख्खी मान. माणूस उंच नव्हताच. पण त्या बेताच्या उंचीवर मोठ्या माणसाचा ऐवज बसवलेला होता. भुवयांचं हाड पुढे आलेलं, नाक पसरट, खालचा जबडा वरच्याच्या पुढे, दातांमध्ये फटी. त्याने हात पुढे केला. माझा हात त्या गुबगुबीत, दमट पंजात नाहीसा झाला.

"तुम्हाला तपासायला पाठवलंय की हाकलायला?" तो म्हणाला. आवाज खरंच विहिरीतला होता.

"मला कुणी पाठवत नाही. मी चढून येते आणि मग गुडघे धरून उतरते. रक्त का देत नाही?"

त्याने पिशवीचा बंद ओढून घट्ट केला. "बाबांनी मारलं तेव्हा मी गेलो. माझी चूक होती, त्यांचीही होती. परत यायला जीव धजेना. आलो तर ते गेलेले. काल आईच्या पायाशी बसलो, तिने माझा चेहरा हातात घेतला आणि म्हणाली, हा नाही." त्याचे ओठ हलले, शब्द मागाहून आले. "सगळी दुनिया कागद मागते, डॉक्टर. आईलाही पुरावा द्यायचा असेल तर मी तिचा नाहीच. नको मला ते रक्त."

त्याच्या गळ्यात दोऱ्याला एक अंगठी बांधलेली होती. "बाबांनी दिलेली," तो म्हणाला. "ताई म्हणते, चोरलेली. बोटात जात नाही ना. उष्ण हवेत, इंजिनाजवळ काम. बोटं सुजतात."

"आणि पाय?"

"पायाला काही नाही." इथे पहिल्यांदा तो खुलला. त्याने कोपऱ्यातले बूट पुढे ओढले. बुटांची पुढची टोकं चाकूने कापलेली होती. "हा बघा कारखान्याचा माल. बाबा सांगायचे ते खरं होतं, मीच मूर्ख. दर खेपेला तोच नंबर घ्यायचा आणि दर खेपेला तो आधीपेक्षा लहान! मापं चोरतात लेकाचे. मी एक नंबर वर गेलो, मग आणखी एक, मग आणखी. आता तर सगळ्यात मोठा नंबरही चावतो. चामडं वाचवायला काय काय करतील, नेम नाही."

"तुमच्याबरोबरच्या लोकांचेही बूट लहान व्हायचे?"

"त्यांना काय कळतंय बुटातलं?"

त्याने पाण्यासाठी हात लांबवला. पेला त्याच्या उजवीकडे टेबलावर होता, अगदी कोपरापाशी. कोपर लागलं, पेला पडला, फुटला. त्याने दचकून विचारलं, "इथे पेला होता?"

मी खाली वाकून त्याच्या उघड्या पायाकडे बघत होते.

५

करंगळीच्या बाजूला, बाहेरच्या अंगाला, एक टेंगूळ होतं. हाड मोडून तसंच जुळलेलं.

"हे काय?"

"लहानपणी हातोडा पडला पायावर. ताईच्या हातून. तिला सांगू नका, तिला अजून वाटतं मला आठवत नाही."

मी तशीच खाली गेले, एकेक पायरी. ताईच्या हातातून चिमण्याचा कलबूत घेतला आणि उजेडात धरला. करंगळीच्या बाजूला चामड्याचा एक तुकडा बारीक चुकांनी, बुटाच्या खिळ्यांनी, ठोकलेला होता.

"हा तुकडा कशाला?"

"एखाद्याच्या पायाला कुठे उंचवटा असेल तर तेवढं चामडं चढवतात कलबुतावर. बाबांनी चढवलंय. त्याचं हाड मोडलं होतं." ती चपापली. "माझ्यामुळे."

लाकूड सगळीकडून सारखंच काळवंडलेलं होतं, चुकांची डोकी गंजलेली. कुठेही ताजा घाव नव्हता. ताईने काही तासलं नव्हतं. मी मनातल्या मनात तिची माफी मागितली. संशय घेण्यात माझं आयुष्य गेलंय, त्यामुळे अशा माफ्या मला बऱ्याच मागाव्या लागतात.

पण मग कोडं आणखी अवघड झालं. कलबूत खरा होता. वर बसलेल्या माणसाच्या पायाला टेंगूळ नेमकं त्याच जागी होतं. पाऊल तेच होतं, आणि तरी ते नव्हतं.

"तुझा भाऊ आता दुकानात येईल," मी ताईला म्हटलं. "आईलाही उठवून बसव. तिला सगळं ऐकू येईल असं. आणि मला आधी खुर्ची दे, माझ्याच्याने उभं राहवत नाही."

६

आई आतल्या दाराशी खुर्चीवर बसली, जावई तिच्या मागे उभा राहिला. पाहुणा पिशवी घेऊनच खाली आला आणि येताना त्याचा खांदा चौकटीवर आपटला.

मी त्याला माझ्यासमोर स्टुलावर बसवलं. "माझ्या नाकाकडे बघा. डोळे हलवायचे नाहीत. मी बाजूने बोटं हलवत पुढे आणते, दिसली की सांगा."

माझे हात त्याच्या कानांपासून निघाले. बोटं हलत होती. गालापाशी आली, डोळ्यांच्या कोपऱ्यांपाशी आली. जावयाला माझी बोटं दिसत होती, ताईला दिसत होती. ज्याला दिसायला हवी होती तो माझ्या नाकाकडे बघत शांत बसला होता. बोटं जवळजवळ नाकासमोर आली तेव्हा तो म्हणाला, "आता."

"घोड्याला झापडं लावतात तसं झालंय यांना," मी म्हटलं. "समोरचं दिसतं, दोन्ही बाजूंचं नाही. चौकट विसरले नव्हते ते. त्यांना चौकट दिसलीच नाही."

ताईच्या कपाळावर आठी आली. "त्याने काय सिद्ध होतं?"

"आधी मला सांग, तुला एखादा तोतया पाठवायचा असता तर कसा माणूस शोधला असतास? भावासारखा दिसणारा. निदान नाक तरी तसं. या माणसाचं एकही माप जुळत नाही. नाक, जबडा, जीभ, बोटं, पाय. आणि गंमत बघ, सगळे फरक एकाच बाजूचे. सगळं मोठं. लहान काहीच झालेलं नाही. फक्त दोन मापं होती तशी राहिली, उंची आणि हाताची लांबी. तुझ्या नवऱ्याने यांना जुना कोट घालून दाखवला तेव्हा तू ऐकलं नाहीस."

"ऐकतं कोण," जावई पुटपुटला.

"मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक गाठ असते, ग्रंथी. अंग वाढवायचा हुकूम तिथून सुटतो. मोठं झाल्यावर तो हुकूम जवळजवळ थांबतो. क्वचित कुणाच्या त्या ग्रंथीवर मांस वाढतं आणि हुकूम परत सुटायला लागतो. लांब हाडांची दारं तोवर बंद झालेली असतात, म्हणून उंची वाढत नाही. मग जिथे जागा मिळेल तिथे अंग वाढतं. हात, पाय, नाक, जबडा, जीभ. आवाज खोल जातो, दातांत फटी पडतात, घाम, घोरणं. इतकं हळू की रोज बघणाऱ्याला कळत नाही आणि स्वतःला तर नाहीच. बारा वर्षं न बघितलेल्यालाच ते कळतं, आणि त्याला वाटतं, हा माणूस दुसराच आहे. ते वाढलेलं मांस वर सरकलं की डोळ्यांच्या नसांवर दाब येतो. बाजूचं दिसणं आधी जातं."

मी त्याच्या कापलेल्या बुटांकडे बोट दाखवलं.

"आणि हे सगळ्यात आधी कुणाला कळायला हवं होतं? यांना. दर खेपेला बूट लहान होत होते! दुसऱ्या कुणीही म्हटलं असतं, माझा पाय वाढतोय, काय भानगड आहे? पण हा बूट शिवणाऱ्याचा मुलगा. मोठ्या माणसाचा पाय वाढत नाही हे याने आईच्या दुधाबरोबर घेतलेलं. म्हणून याने कारखान्याला चोर ठरवलं. आणि त्याच विश्वासाने तू याला चोर ठरवलंस. चूक एकच, दोघांची, आणि ती या भिंतीवर टांगलेली आहे."

पाहुणा आपल्या कापलेल्या बुटांकडे बघत होता. "म्हणजे बूट बरोबर होते?"

"बूट बरोबर होते. तुमचं डोकं दुखतं?"

"रोज. रात्री बोटांना मुंग्याही येतात." तो जरा थांबला. "हे वाढत जाणार?"

"झापडं पुढे सरकत येतील. मग समोरचंही जाईल. हृदयही वाढतं. रक्त बघावं लागेल, डोक्याचा स्कॅन काढावा लागेल, मग नाकातून शिरून ते मांस काढतात. वेळेवर काढलं तर नजर बऱ्याचदा परत येते. सगळी नाही, पण येते. आज तुम्ही गाडीत बसलात, पुन्हा बोटीवर गेलात, तर हे कुणी बघणार नाही. आंधळे व्हाल. मी अशी केस शिकत असताना एकदाच पाहिली होती. त्याला उशीर झाला होता."

मी एवढं बोलून थकले होते. मला वाटलं, आता ताई उठेल आणि त्याच्या गळ्यात पडेल. पण ताई ती ताईच.

"मान्य," ती कोरडेपणाने म्हणाली. "माझा भाऊ असा होऊ शकतो, एवढंच कळलं. हा माझा भाऊ आहे हे कुठे कळलं? आजार परक्या माणसालाही होतो. टेंगूळ कुणालाही असतं."

तिचं बरोबर होतं.

पाहुण्याने पिशवी उचलली. "डॉक्टर, त्या रोगासाठी रक्त देईन मी. दुसऱ्या गावी देईन. इथे नको."

७

"जायच्या आधी पायाचं माप उतरवून घेते," ताई एकदम म्हणाली.

"कशाला?"

"ते बूट कापून घातलेत तुम्ही. माझ्या दुकानातून कुणी असल्या बुटात बाहेर जात नाही. माणूस कुणी का असेना."

तिने जमिनीवर कागद पसरला. तो उभा राहिला, पण खाली बघत नव्हता. ताई गुडघ्यांवर बसली, टाचेपासून पेन्सिल सुरू केली. बाहेरच्या अंगाने, टेंगळाला वळसा घालून, बोटांवरून, मग आतल्या बाजूने. मला ते ठाऊक आहे. पेन्सिल तळव्याच्या खळग्यात शिरते तेव्हा गुदगुल्यांनी मी दात आवळून धरते.

पेन्सिल खळग्यात शिरली. एवढा थोरला माणूस, त्याचा अंगठा ताडकन वर उडाला, गुडघा वाकला आणि नाकातून एक आवाज निघाला. हसू दाबताना लागलेली उचकी असावी तसा, बारीक आणि चिरका. त्या विहिरीत असा आवाज शिल्लक असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यालाही वाटलं नसावं. तो ओशाळला.

दाराशी बसलेली आई वैतागून म्हणाली, "अगं, पेन्सिल आडवी काय घालतेस त्याच्या तळव्यात! सरळ धर. तुझ्या बाबांच्याही नाकी नऊ यायचे माप घेताना. खळगा शेवटी अंदाजानेच कोरला त्याचा."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. तिचं तोंड उघडंच राहिलं.

ताईने पेन्सिल खाली ठेवली. मग चिमण्याचा कलबूत उचलून खळगा बघितला. दुकानातला प्रत्येक कलबूत तिच्या बाबांनी आतल्या बाजूला नेटका घोटलेला आहे. या एकाच पावलाचा खळगा ओबडधोबड होता. तिने त्यावरून अंगठा फिरवला, परत परत फिरवला. डॉक्टर म्हणून विचाराल तर हा पुरावा नव्हे.

"चिमण्या," ती म्हणाली, "हातोडा मी मुद्दाम नव्हता रे टाकला."

"ठाऊक आहे, ताई."

मग मात्र ती रडली, हातात काम नसताना. जावयाने हळूच पिशवी उचलून माडीवर नेऊन ठेवली. एवढ्या वर्षांत त्याचं कुणी ऐकलं नव्हतं, पण आज त्याला कुणी अडवलंही नाही.

मी हॉस्पिटलात फोन लावला, स्कॅनची वेळ घेतली. ताईने चामड्याचे तुकडे काढले, खळीचं भांडं काढलं आणि जुन्या पावलावर बोटांच्या पुढे एक तुकडा चिकटवला, मग बाजूला एक.

"नवीन नाही कोरणार?" मी विचारलं.

"कशाला?" ती नाक पुसत म्हणाली. "पाऊल तेच आहे की."

तो आईच्या खुर्चीशी, तिच्या बाजूला जमिनीवर जाऊन बसला होता. आईने त्याचा तो मोठा चेहरा पुन्हा हातात घेतला, हनुवटीपासून कपाळापर्यंत सावकाश चाचपला.

"चिमण्या, मला तर काही दिसत नाही. तुला मी दिसते का रे?"

"समोर असलीस तर दिसतेस, आई."

"मग समोरच बस."